घरच्या प्रोग्रॅमिंगसाठी कोणते लायसन्स घ्यावे?

अ-४०२ : नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर हाताशी वेळ असल्यामुळे मी पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे वळलो असून, सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा नीट शिकण्याचे मनावर घेतले आहे. त्यासाठीचे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर व्हिज्युअल स्टुडिओ प्रोफेशनल, त्याची 'कायमस्वरूपी की' (वापराच्या परवान्याचा क्रमांक) एका ऑनलाइन दुकानात ९०० रुपयांना दिसते आहे. मूळ किंमत याच्या कितीतरी पट असल्यामुळे ती घ्यायला मन धजावत नाही. पण छंदासाठी दरमहा वर्गणी भरत राहण्याचीही माझी तयारी नाही. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ब-२०३ : काका, ती की कृपया घेऊ नका. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या कीज बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या घाऊक खरेदीतून किंवा सबस्क्रिप्शनमधून बाहेर आलेल्या असतात आणि त्या पुन्हा विकण्याची परवानगी मूळ करारात नसते. उद्या ती बंद झाली, तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय तुम्हाला तिची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी ही आवृत्ती आणली. ती फुकट आहे आणि घरी एकट्याने काम करणाऱ्याला त्यात काही कमी पडत नाही. एकटी व्यक्ती स्वतःचा प्रोग्रॅम लिहीत असेल, तर तो फुकट वाटण्यासाठी असो वा विकण्यासाठी, कम्युनिटी वापरण्याची मुभा आहे. बंधने आहेत ती कंपन्यांना : २५० हून अधिक संगणक किंवा १० लाख डॉलरहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या मोठ्या कंपनीला ती आपल्या नेहमीच्या कामासाठी वापरता येत नाही.

क-१०१ : काका, माझ्या मुलाच्या ऑफिसचे व्हिज्युअल स्टुडिओ एंटरप्राइजचे सबस्क्रिप्शन आहे आणि त्याला ते एकाहून अधिक संगणकांवर चालवता येते, असे तो म्हणतो. रविवारी तो आला की तुमच्या संगणकावर त्याच्या खात्याने लॉगिन करून देईल.

ब-२०३ : तुमची भावना चांगली आहे, पण हे करू नये असे मी आग्रहाने सांगेन. एका व्यक्तीला अनेक संगणकांवर वापरण्याची मुभा असते, ती त्याच व्यक्तीपुरती. दुसऱ्याने ते खाते वापरले की करार मोडतो आणि जाब तुमच्या मुलाला द्यावा लागतो. फुकट आणि रीतसर पर्याय समोर असताना त्याच्या नोकरीवर हे ओझे कशाला?

अ-४०२ : पटले. आता एक पुढचा प्रश्न. मेंटेनन्सची बिले काढण्यासाठी आपल्या गृहनिर्माण संस्थेला एक छोटा प्रोग्रॅम करून द्यावा, असे माझ्या मनात आहे. कमिटीने त्याबद्दल काही मानधन देऊ केले, तर कम्युनिटीचे लायसन्स चालते का? आणि एका परिचितांनी जेटब्रेन्स कंपनीचे रायडर हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर सुचवले आहे, तेही आता फुकट असल्याचे ते म्हणतात.

ब-२०३ : हा प्रश्न तुम्ही आधीच विचारलात हे फार बरे झाले, कारण लोक 'फुकट' एवढाच शब्द वाचतात आणि कशासाठी फुकट, ही अट वाचायची राहून जाते. ऑक्टोबर २०२४ पासून रायडर आणि त्याच कंपनीचे वेबस्टॉर्म बिगरव्यावसायिक वापरासाठी फुकट आहेत. सी आणि सी प्लस प्लससाठीचे सीलायन मे २०२५ मध्ये त्यांच्या जोडीला आले. शिकणे, छंद, हौसेचे मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) काम हे सारे त्यात बसते. मात्र मानधन घेतले की ते काम व्यावसायिक ठरते, मग रक्कम कितीही लहान असो. हे लायसन्स एका वर्षाचे असते आणि आपण ते वापरत राहिलो की आपोआप वाढते. वापराची निनावी माहिती कंपनीकडे जाते आणि या प्रकारात ती बंद करता येत नाही. माझा त्याला आक्षेप नाही, पण तुम्हाला ते आधी ठाऊक असावे. पुढेमागे पैसे देऊन घ्यावेसे वाटलेच, तर त्यांचे वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या, कारण ते संपल्यावरही वर्षाच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती कायम वापरता येते.

बिलांच्या कामासाठी मी कम्युनिटीच सुचवेन, म्हणजे मानधन मिळाले तरी आडकाठी येत नाही. आपल्या मॅनेजरसाहेबांना तयार प्रोग्रॅम फक्त चालवायचा आहे, त्यामुळे त्यांच्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओची गरज नाही. सी शार्पचे प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतात ते डॉट नेट स्वतः एमआयटी या सैल अटींच्या लायसन्सखाली मुक्त आहे. डेटाबेस निवडताना मात्र जपा : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती फुकट असली, तरी ती प्रोग्रॅम लिहून तपासण्यापुरतीच आहे, आणि तिच्यावर संस्थेची खरी बिले काढणे हा करारभंग होतो. एक्सप्रेस आवृत्ती त्यासाठी चालते. माझ्या मते एसक्यूलाइट याहून सोपे आहे. ते सार्वजनिक मालकीचे असून त्याला कोणतीही अट नाही, आणि आपल्या साऱ्या सदनिकांचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्याच्या एकाच फाइलमध्ये आरामात मावेल.

क-१०१ : मी असे ऐकले होते की मुक्तस्रोत साधने वापरली की आपला प्रोग्रॅमही सर्वांना खुला करावा लागतो. मग संस्थेचा हिशेब जगजाहीर होणार का?

ब-२०३ : नाही, काका. हिशेबाच्या माहितीचा आणि लायसन्सचा काहीही संबंध नाही. प्रोग्रॅमबद्दल म्हणाल, तर जीपीएल हे मूळ कोड खुला ठेवायला लावणारे लायसन्स आहे, पण जीसीसीसारखा जीपीएल कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारे साधन) वापरल्याने तुमचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही. कंपायलरबरोबर जी लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रोग्रॅममध्ये येते, तिच्यासाठी जीसीसीवाल्यांनी तशी स्पष्ट सवलत ठेवलेली आहे. जीपीएल असलेला दुसऱ्याचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये घालून तो इतरांना वाटला, तरच घेणाऱ्याला मूळ कोड देण्याचे बंधन येते. कोड कुठूनही उचलताना त्याच्यासोबतची लायसन्सची फाइल आधी वाचावी, ती सहसा दोन मिनिटांत वाचून होते.

ब-५०१ : ताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला प्रॅक्टिकलसाठी घरी मॅटलॅब हे गणिती कामाचे सॉफ्टवेअर हवे आहे. होम लायसन्स स्वस्त आहे, तेच घेऊ का?

ब-२०३ : वहिनी, ते घेऊ नका. मॅटलॅबचे होम लायसन्स केवळ वैयक्तिक छंदासाठी असते. अभ्यासक्रमाच्या किंवा संशोधनाच्या कामाला ते चालत नाही. विद्यार्थ्यांसाठी वेगळे लायसन्स आहे. त्याआधी कॉलेजच्या संगणक विभागात चौकशी करायला सांगा, कारण कॉलेजने कॅम्पस लायसन्स घेतलेले असले, तर त्याला ते स्वतःच्या लॅपटॉपवरही मिळण्याची चांगली शक्यता असते. तोवर मॅटलॅब ऑनलाइनची मूलभूत सेवा महिन्याला २० तास फुकट वापरता येते. मॅट्रिक्स आणि आलेख एवढेच काम असेल, तर जीएनयू ऑक्टेव्ह या फुकट पर्यायात मॅटलॅबचे बहुतेक प्रोग्रॅम तसेच्या तसे चालतात. सिम्युलिंकची (मॅटलॅबच्या जोडीचे, आकृत्या जोडून यंत्रणेची नक्कल करण्याचे साधन) प्रॅक्टिकल्स असतील, तर ऑक्टेव्हचा उपयोग नाही. त्या प्रकारच्या कामासाठी सायलॅब या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक्सकॉस हे साधन आहे, पण सिम्युलिंकच्या फाइल्स त्यात आहेत तशा चालतील असे समजू नका. पवईच्या आयआयटीतील फॉसी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सायलॅबवर पुष्कळ काम केले आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे अनेक पाठ मराठीतूनही आहेत. त्याला ते जरूर दाखवा.

अ-४०२ : सर्वांचे मनापासून आभार. मी कम्युनिटी आणि एसक्यूलाइट घेऊन सुरुवात करतो. उतरवून घेताना काही काळजी घ्यायची आहे का?

ब-२०३ : कम्युनिटी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. इन्स्टॉल करताना कामांची लांबलचक यादी येईल. त्यातल्या डॉट नेट डेस्कटॉपच्या एकाच कामावर खूण करा, नाहीतर निष्कारण कितीतरी जीबी जागा जाते. ३० दिवसांनंतर ते खात्याने साइन इन करायला सांगेल. त्याचा अर्थ मुदत संपली आणि आता पैसे भरावे लागणार असा नाही; साइन इन केले की ते पुढे फुकट चालू राहते. त्यासाठी संस्थेचा ईमेल देऊ नका, कारण कमिटी बदलली की त्याचा पासवर्डही बदलतो. तुमचा स्वतःचाच द्या.