मदत हवी आहे: मैत्रिणीच्या मुलासाठी

नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटात राहतो. शेजारची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, माझ्या दोन्ही बाळंतपणांत बहिणीसारखी धावून आलेली. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन महिने खोलीबाहेर पडत नाही. काल डबा द्यायला गेले तर परवाचा डबा त्याच्या दाराशी तसाच, झाकणही न उघडलेला.

मी डॉक्टरांचं नाव काढलं. ती म्हणाली, "आमच्याकडे हे देवापुढे मांडतात, परक्यापुढे नाही." आधी मला हा हट्ट वाटला. पण तिची आजी अलाबामाची. तिथे टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन आल्यावरही! त्याआधी १८५१ साली एका डॉक्टरने गुलामांचं पळून जाणं हाच मनाचा आजार ठरवला होता. मग विश्वास कुठून यावा? मानसिक संकटात फोन करायच्या ९८८ या हेल्पलाइनलाही ती घाबरते. फोन केला आणि दारात पोलीस आले तर, ही तिची धास्ती. पोराची उंची सहा फूट, आणि रंग तो.

जॉर्जियात कुणाला एखादा कृष्णवर्णीय, शक्यतो पुरुष, समुपदेशक माहीत आहे का? तिच्या पास्टरशी आधी बोलू, की तो आगाऊपणा होईल? आणि त्या पोराशी, बंद दाराबाहेरून, मी काय बोलू?