पहाटे पाणी आलं की पहिली दहा मिनिटं वास, मग एकदम निवळ. दोष कुठे शोधायचा?

मीनल_गिरगाव:
आमची जुनी चार मजली इमारत, गिरगावात गल्लीच्या आत. पहाटे पाणी सुटलं की सुरुवातीला गटाराचा वास, रंग मातकट, थोड्या वेळाने स्वच्छ. खालची-वरची दोन्ही टाक्या धुऊन घेतल्या, तरी तेच. तळमजल्यावर दोघांना जुलाब सुरू झालेत. सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो पावसाळ्यात धरणातूनच घाण येते, दुसरा म्हणतो ज्याने त्याने आपापला फिल्टर बसवा. मी खजिनदार, म्हणून सगळे माझ्याच दारात. शिवाय बिलात पाणीपट्टीच्या 70 टक्के मलनिःसारण आकार असतो, तो कशाचा?

सुहास_दहिसर:
आरओ लावा आणि सुखी राहा.

जुना_जलकामवाला:
सुहासराव, आरओ स्वयंपाकघरात. भांडी घासायला, चूळ भरायला कुठलं पाणी घेणार?

मीनलताई, मी पाण्याचे नमुने गोळा करण्यात नोकरी काढली, आता निवृत्त आहे. धरणाला बोल लावू नका. भातशा धरणाचं पाणी पिसेला उचलून पांजरापूरला शुद्ध होतं. वैतरणा-तानसाचं बहुतेक भांडुपला. तिथे गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरीन देतात. पुढे तुमच्या भागाला मलबार हिलच्या जलाशयातून मिळतं, हँगिंग गार्डन ज्याच्या डोक्यावर आहे तो. घाण तिथून आली असती तर अख्ख्या गिरगावात आली असती आणि पाणी जाईपर्यंत येत राहिली असती. तुमची दहा मिनिटांत संपते, म्हणजे ती इमारतीच्या आसपासच शिरते.

कशी, ते सांगतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच असतं. पालिकेने चावी (लाइनीवरची झडप) बंद केली की लाइनीतला दाब जातो. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून भोक पडलेलं असेल, तर पाणी चालू असताना तिथून बाहेर गळतं आणि बंद असताना भोवतीचं आत शिरतं. भोवती काय असतं? गटार. दुसऱ्या दिवशी चावी सुटली की रात्रभर साचलेलं सगळ्यात आधी तुमच्या टाकीत. त्यात गल्लीत कुणी मोटार थेट लाइनीला जोडली असेल तर विचारूच नका, ती भोकातून ओढूनच घेते. हे चोरटे पंप पकडायला गेलं की सगळी गल्ली सज्जन होते.

आधी हाऊसगल्ली बघा, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची अरुंद बोळ. परवानाधारक प्लंबर घेऊन जा आणि मेन लाइनीपासून मीटरपर्यंतचा पाइप कुठे गटाराच्या पाण्यात बुडालाय का ते पाहा. शेजारच्या इमारतींनाही त्याच वेळी वास येतो का विचारा. क्लोरीन तपासायचं किट मिळतं: नळीत पाणी घ्या, गोळी टाका, क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर घाणीने क्लोरीन खाऊन टाकलं समजा.

पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात तक्रार करा किंवा त्यांच्या 1916 ला फोन करा, नमुना घ्यायला माणूस येईल. तो नळाचं तोंड ज्योतीने शेकेल, थोडं पाणी सोडून देईल, मग बाटली भरेल. बाटली विसळून द्यायची घाई कुणी करू नका! आत थायोसल्फेट असतं, ते पाण्यातलं क्लोरीन मारतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीनच जंतू मारत राहील आणि अहवाल खोटा चांगला येईल. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, एकही सापडता कामा नये.

तोवर टाकीच्या आधी एक नळ काढून घ्या, वासाचं पाणी तिथून सोडून द्या आणि निवळल्यावरच टाकीचा कॉक उघडा. पिण्याचं उकळा. जुलाबवाल्यांना आजच डॉक्टरकडे न्या, माझ्या उत्तराची वाट बघू नका.

मीनल_गिरगाव:
काका, सापडलं! हाऊसगल्लीत तीन इमारतींचे पाइप एकत्र बांधल्यासारखे, अर्धे काळ्या पाण्यात. आमच्या पाइपाला जुनी ट्यूब गुंडाळलेली होती, तीही कुजलेली. प्लंबर म्हणतो वरून भिंतीने नवीन लाइन घेऊ. शेजारची इमारत मात्र खर्चात यायला तयार नाही, "आम्हाला वास येत नाही" म्हणतात. आणि त्या 70 टक्क्यांचं राहिलंच.

जुना_जलकामवाला:
भिंतीनेच घ्या, उत्तम.

70 टक्के म्हणजे घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा खर्च. ते मलवाहिन्यांतून उदंचन (पंपिंग) केंद्रावर जातं, कारण शहर सपाट, पंपाशिवाय पुढे सरकत नाही. वरळी आणि वांद्र्याला चाळून, रेती काढून 3 किलोमीटरहून जास्त आत समुद्रात सोडायची पद्धत आहे. एवढ्यावर भागत नाही, म्हणून वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशी सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं हाती घेतली, मिळून रोज 2464 दशलक्ष लिटरची. पण हाऊसगल्ली तुंबली तर तुमचं सांडपाणी मलवाहिनीपर्यंत पोचतच नाही, तुमच्याच पाइपाभोवती थांबतं. म्हणून नवीन लाइनीबरोबर गल्लीही साफ करून घ्या.

शेजाऱ्यांशी वाद घालू नका. पाणी सुटल्या सुटल्या त्यांच्या नळावर सेक्रेटरींसमोर किटची गोळी टाका. वास नसूनही रंग आला नाही, तर खर्चाचा विषय तेच काढतील.