डोंगरावरचा सूर्यास्त आणि नंतरची उतरण : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

पावसाळा सरून गवत वाळू लागले की ठाणे आणि नवी मुंबईभोवतालच्या डोंगरांवर सूर्यास्ताच्या ट्रेकची आवतणे येऊ लागतात. दुपारी पायथ्याशी जमायचे, दिवेलागणीच्या आधी माथा गाठायचा, सूर्य मावळताना पाहायचा आणि टॉर्चच्या उजेडात खाली यायचे, असा त्यांचा साधा क्रम असतो. यातील शेवटच्या भागाविषयी फारसे कोणी बोलत नाही. छायाचित्रे सगळी माथ्यावरची असतात. उतरण मात्र अंधारात, थकलेल्या पायांनी, घसाऱ्यावरून करावी लागते आणि सोबतच्या जाणत्या माणसाची खरी गरज तिथेच पडते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विनंती अशी की आपल्याला घेऊन जाणाऱ्याने त्या संध्याकाळी नेमके काय केले, काय करू दिले नाही आणि सर्वांना परत कसे आणले, हे सविस्तर लिहावे. संस्थांची आणि व्यक्तींची नावे नकोत. डोंगर, महिना आणि वाट कशी होती हे अवश्य सांगावे.

खारघर, शाळकरी मुलाची आई

जानेवारीत मी मुलाला घेऊन खारघरच्या डोंगरावर गेले होते. निघण्यापूर्वी आमच्या लीडरने प्रत्येकाची टॉर्च प्रत्यक्ष पेटवून पाहिली आणि मोबाइलचा दिवा टॉर्च म्हणून मान्य करणार नाही, असे नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. उतरताना दोन्ही हात मोकळे असावे लागतात, आणि वाटेत अडचण आली तर फोनची बॅटरी फोन करण्यासाठीच शिल्लक असली पाहिजे, हे त्यांचे कारण मला पूर्ण पटले. ज्यांच्याकडे डोक्याला बांधायची टॉर्च नव्हती त्यांना त्यांनी आपल्या पिशवीतून दिली. मुलांना त्यांनी स्वतःच्या मागोमाग ठेवले आणि रांगेच्या शेवटी दुसरा अनुभवी सहकारी ठेवला, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नाही असा नियम होता.

पठारावर चाफेवाडी आणि फणसवाडी या आदिवासी वस्त्या आहेत. वाडीजवळून जाताना कोणाच्या अंगणातून जायचे नाही आणि न विचारता कोणाचेही छायाचित्र घ्यायचे नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. त्यांनी लांबूनच पांडवकड्याची दिशा दाखवली, १०७ मीटरचा हा धबधबा पावसाळ्यात पर्यटकांसाठी का बंद ठेवावा लागतो ते मुलांना समजेल अशा शब्दांत सांगितले, पण कड्याच्या बाजूला कोणालाही जाऊ दिले नाही. विडी-सिगारेट आणि शेगडी यांनाही पूर्ण मनाई होती, कारण त्या दिवसांत गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने वणवा लागून डोंगराची अख्खी सोंड, म्हणजे खाली उतरत गेलेली धार, काळी पडू शकते.

सूर्य क्षितिजाला टेकला नाही. त्याच्या बराच आधी तो शहरावरच्या धुरकट पट्ट्यात विरून गेला. हिवाळ्यात इकडे असे पुष्कळदा होते आणि लीडरने त्याची कल्पना आधीच दिली होती, त्यामुळे कोणी हिरमुसले नाही. मला विशेष वाटले ते पुढचे. पुरेसे दिसत असतानाच त्यांनी सर्वांना टॉर्च लावायला सांगितल्या. अंधार पडल्यावर पिशवीत टॉर्च शोधत बसण्याची वेळ कोणावर आली नाही आणि माझा मुलगा न घाबरता, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत उतरला.

ठाणे, वर्तकनगर

येऊरविषयी लिहिते, कारण इथे सूर्यास्ताचा अर्थच थोडा वेगळा आहे. ठाणे हे या डोंगररांगेच्या पूर्व उतारावर असल्याने सूर्य आपल्या पाठीमागे, कड्याच्या पलीकडे जातो आणि पंचांगातल्या वेळेच्या बऱ्याच आधी इथे सावली पडते. शिवाय हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांचा कायमचा वावर आहे, आणि संध्याकाळ ही त्यांच्या हालचालीची वेळ. आमची फेरी वनखात्याच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेवर आणि काळोखापूर्वी जंगलाबाहेर पडायचे या अटीवर झाली. कोणीही एकट्याने झुडपामागे जायचे नाही, मुले रांगेच्या मध्ये, वाकून बसायचे नाही आणि नेहमीच्या आवाजात बोलत चालायचे, एवढ्या सूचना होत्या.

आमच्या मार्गदर्शक बाई वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. सगळे जण पश्चिमेला झाडांमधून सूर्य शोधत असताना त्यांनी आम्हाला एका उघड्या जागी थांबवून पूर्वेकडे तोंड करायला लावले. आम्ही सावलीत होतो, खाली शहर सावलीत होते, पण खाडीपलीकडची पारसिकची रांग अजून उन्हात तांबूस दिसत होती. थोड्या वेळाने तिचाही रंग गेला आणि तिच्या मागे आकाशात खाली निळसर-करडा आणि वर गुलाबी असे दोन पट्टे चढू लागले. तो करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली, हे त्यांनी सांगितले तेव्हा इतकी वर्षे ठाण्यात राहून आपण संध्याकाळी पूर्वेकडे कधीच पाहिले नव्हते, हे लक्षात आले. उतरताना रातवा पक्ष्याची लागोपाठची चक-चक-चक ऐकू आली. आम्ही गेटबाहेर आलो तेव्हा टॉर्चची गरजही लागली नव्हती, आणि येऊरला हेच योग्य आहे.

नेरूळ, निवृत्त भूगोल शिक्षक

पारसिकच्या बेलापूरकडील टोकावर मी अनेक वर्षे संध्याकाळी जातो. अलीकडे लहान गटांनाही सोबत करतो. वेळेच्या बाबतीत काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी मुंबई परिसरातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या सुमारास होतो. सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला, ७ वाजून २० मिनिटांच्या आसपास असतो. त्यामुळे दिवाळीनंतरच्या पहिल्या ट्रेकला लोकांचा अंदाज हमखास चुकतो.

सूर्य मावळण्याची जागाही वर्षभरात ठीक पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते. आमच्या टोकावरून मार्चमध्ये तो खाडीपलीकडच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) टेकडीच्या बाजूला, मेअखेरीस घाटकोपरच्या बाजूला आणि डिसेंबरात दक्षिणेला, घारापुरीकडे झुकलेला दिसतो. ज्या सोंडेवरून मार्चमध्ये उत्तम दिसते तिथून डिसेंबरात मधला उंचवटा आड येऊ शकतो, म्हणून जागा महिना पाहून निवडावी लागते.

आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटे धरायची आणि प्रत्येक बोटाला १५ मिनिटे मोजायची, अशी एक युक्ती ट्रेकमध्ये सर्रास सांगितली जाते. ती तिरप्या मार्गाने मावळणाऱ्या सूर्याची, म्हणजे दूर उत्तरेकडच्या देशांतली युक्ती आहे. आपल्या १९ अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे इथे चार बोटे म्हणजे एक तास नव्हे, तर अर्ध्या तासाहून थोडाच अधिक वेळ. संधिप्रकाशही तसाच आखूड असतो. बिंब गेल्यावर २२-२३ मिनिटांत वाटेवरचे दगड वेगळे दिसेनासे होतात, तर इंग्लंडमध्ये जूनमध्ये हाच काळ पाऊण तासाच्या पुढे जातो. परतीचा हिशेब या आकड्यांवर बसवावा.

ऐरोली

मी छायाचित्रणासाठी पारसिकवर एकटाच जातो. ज्यांची रोजची पायाखालची वाट आहे त्यांना वाटाड्याची गरज आहे असे मला वाटत नाही. मोठ्या गटाच्या गलबल्यात पक्षी उडून जातात आणि उजेडाची खरी दहा मिनिटे गप्पांत संपतात. गुरुजींनी दिलेली दिशांची माहिती मात्र अत्यंत उपयोगी आहे, त्याबद्दल आभार.

कळवा, ट्रेक नेणारा

ऐरोलीकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु त्याला एक पुस्ती जोडतो. आमच्या या टेकड्यांवर वाट चुकते ती चढताना नव्हे, उतरताना, आणि चुकवतात त्या ढोरवाटा. गुरे चरत जातात तिथे प्रत्येक सोंडेवर समांतर वाटांचे जाळे तयार होते. दिवसा खालचे गाव किंवा रस्ता दिसत असल्याने त्यातली खरी वाट ओळखता येते, पण अंधारात टॉर्चच्या वर्तुळात सगळ्या वाटा सारख्याच दिसतात आणि त्यातली एखादी थेट घळीच्या तोंडाशी नेऊन सोडते. खाली शहराचे दिवे दिसत राहतात म्हणून माणूस त्या दिशेने सरळ उतरत जातो आणि कातळाच्या टप्प्यावर अडकतो. पारसिकच्या पोटातून १९१६ पासून रेल्वे धावते आहे, दोन्ही अंगांना दाट वस्ती आहे. एवढ्या जवळच्या डोंगरावरही असे घडू शकते, हे नवख्या माणसाला खरे वाटत नाही. म्हणून मी चढतानाच प्रत्येक फाट्यावर सर्वांना मागे वळून वाट पाहायला लावतो. उतरताना ती जशी दिसणार आहे तशी डोळ्यांत बसली पाहिजे.

परतीची वेळ मी पायथ्याशी सांगतो आणि माथा गाठला असो वा नसो, ती पाळतो. प्रत्येक फाट्यावर माणसे मोजतो. माथ्यावर दिवे बंद ठेवून बसायचे असेल तर नकाशा पाहण्यासाठी लाल दिवा वापरतो, कारण पांढऱ्या झोताने डोळ्यांची अंधाराची सवय मोडली तर ती पुन्हा जमायला २०-३० मिनिटे लागतात. सूर्य गेल्यावर तापलेल्या खडकांच्या आसपास फुरसे, घोणस यांचा वावर असू शकतो. न पाहता कुठेही हात टेकायचा नाही, बसण्याआधी उजेड टाकायचा आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालायचे, यावर मी अडून बसतो. दंश झालाच तर घट्ट आवळून बांधणे, कापणे, चोखणे यातले काहीही करायचे नाही. अवयव स्थिर ठेवायचा, त्या माणसाला शक्य तितके कमी चालवायचे आणि १०८ ला फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यायचे.

एका फेब्रुवारीत मुंब्र्याच्या बाजूने उतरताना मुरमावर एका सहभागी बाईंचा घोटा मुरगळला. सहकाऱ्याबरोबर मी बाकीचा गट पुढे पाठवला, घोट्याला पट्टी बांधली आणि एक धडधाकट तरुण व मी असे दोघे त्यांना मध्ये घेऊन सावकाश खाली आलो. हे शक्य झाले ते सोबत दुसरा जाणता माणूस होता म्हणून. एकट्या लीडरने मोठा गट अंधारात नेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. राज्य शासनाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आहे आणि त्यानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पैसे भरण्यापूर्वी ही नोंदणी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण याविषयी विचारण्यात संकोच मुळीच करू नये.

कामोठे

आम्ही डिसेंबरात प्रबळमाचीला गेलो होतो आणि वाटाड्या माचीवरचाच तरुण होता. ठाकूरवाडीहून चढून दुपार कलल्यावर माचीवर पोचलो. समोर कलावंतीणचा सुळका, सुमारे २,२५० फूट उंच, आणि त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या. गटातल्या काही जणांना सूर्यास्त सुळक्यावरूनच पाहायचा होता आणि त्यांनी जादा पैसेही देऊ केले. वाटाड्याने नकार दिला. त्या पायऱ्यांना कठडा नाही, चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला एकाच वेळी जागा नाही, आणि अंधारात तिथे माणूस घाबरून थिजला तर त्याला मागे-पुढे काहीच करता येत नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. आवाज चढले तरी तो बदलला नाही. सुळका सकाळच्या उजेडात करायचा आणि रात्री माचीवरच राहायचे, खाली उतरायचे नाही, हा त्याचा निर्णय होता.

सूर्यास्त आम्ही माचीच्या कडेवरून पाहिला. पनवेलचे दिवे लागत गेले, नैऋत्येला कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आकाशावर स्पष्ट उमटला. रात्री वाटाड्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि पिठले वाढले. जेवताना इर्शाळवाडीचा विषय निघाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावर दरड कोसळून ती वाडी गाडली गेली, त्याविषयी तो फार थोडे बोलला. मुसळधार पावसाच्या दिवसांत कोणी कितीही आग्रह केला तरी तो लोकांना वर बोलावत नाही, इतकेच म्हणाला. त्याच्या नकारावर रागावलेले तेच लोक दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना त्याच्या हाताला धरून एकेक पाऊल टाकत होते. शहरातून येणाऱ्या आयोजकांनी अशा वाटाड्यांना मोबदला गटाच्या संख्येप्रमाणे आणि थेट त्यांच्या हातात द्यावा, असे मला मनापासून वाटते, कारण आम्ही भरलेल्या रकमेतला किती वाटा त्याच्यापर्यंत पोचला हे आम्हाला कळू शकले नाही.

कोपरखैरणे

मला संध्याकाळनंतर कमी दिसते, त्यामुळे असे ट्रेक आपल्यासाठी नाहीत असे मी धरून चालले होते. खारघरच्या एका ट्रेकच्या आधी मी हे फोनवर सांगितले. लीडरने मला नकार दिला नाही किंवा ‘काही होत नाही, चला’ असेही म्हटले नाही. मार्चचा दुसरा आठवडा होता. त्यांनी गटाबरोबर मला निम्म्या वाटेवरच्या एका रुंद सोंडेपर्यंत नेले, तिथे एका सहकारी मुलीला माझ्यासोबत थांबवले आणि बाकीचे वर गेले. त्या सोंडेवरून सूर्य पूर्ण दिसत होता. बिंब क्षितिजाच्या थोडे वर असतानाच आम्ही दोघी मळलेल्या गाडीवाटेने उतरायला लागलो आणि मधेमधे थांबून मागे पाहत राहिलो. उजेड असतानाच डांबरी रस्त्याला लागलो. नोंदणीच्या अर्जात दमा, रक्तदाब, गुडघे यांच्याविषयी विचारतात, पण संध्याकाळच्या ट्रेकच्या अर्जात रात्रीच्या दृष्टीविषयीही एक प्रश्न असावा, अशी सर्व आयोजकांना माझी विनंती आहे.