मदत हवी आहे: पायथनमध्ये 'ऑर' लावल्यावर लूप थांबतच नाही

नमस्कार मंडळी, पायथन ३ ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकायला घेतलीय. वापरणाऱ्याने 'हो' किंवा 'नाही' टाइप करेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचं, एवढंच काम आहे. अट अशी लिहिली (कीवर्ड इथे देवनागरीत देतोय; व्हाइल म्हणजे अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा लूप, ऑर म्हणजे 'किंवा', अँड म्हणजे 'आणि', != म्हणजे 'च्या बरोबरीचं नाही'):

व्हाइल उत्तर != 'हो' ऑर उत्तर != 'नाही':

काहीही टाइप केलं तरी प्रोग्राम परत विचारतोच. मग अट बदलली:

व्हाइल उत्तर != 'हो' अँड 'नाही':

आता तर आणखीच गंमत! 'हो' म्हटलं की लूप थांबतो, 'नाही' म्हटलं की थांबत नाही. एररही येत नाही, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना.

प्रतिसाद १
पहिल्या अटीत 'हो' घालून बघा. डावी बाजू फॉल्स (खोटी), पण 'हो' हे 'नाही' नसल्यामुळे उजवी ट्रू (खरी). 'ऑर'ला एक ट्रू पुरतं. 'नाही' टाकलं तर नेमकं उलट. दोन्ही बाजू फॉल्स व्हायला उत्तर एकाच वेळी 'हो'ही हवं आणि 'नाही'ही, मग लूप थांबणार कसा?

तुमच्या मनात आहे 'हो किंवा नाही असेल तर थांब'. व्हाइलला मात्र चालू राहायची अट लागते, म्हणजे त्याचा नकार. नकार कंसात शिरला की 'ऑर'चा 'अँड' होतो. हा डी मॉर्गनचा नियम. (हे गणिती १८०६ साली मदुराईत जन्मले, जाता जाता.) म्हणून:

व्हाइल उत्तर != 'हो' अँड उत्तर != 'नाही':

मी स्वतः 'व्हाइल उत्तर नॉट इन ('हो', 'नाही'):' असंच लिहितो. वाचायला सोपं, आणि उद्या तिसरा पर्याय आला तर फक्त कंसात भर घालायची.

प्रतिसाद २
दुसऱ्या अटीचं राहिलं. तिथे आधी != ची तुलना होते, मग 'अँड'. त्यामुळे 'अँड'च्या उजवीकडे नुसती स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) उरली, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली स्ट्रिंग ट्रूच धरतात. म्हणजे सगळी मदार 'हो'च्या तुलनेवर. जावात हे कंपाइलच झालं नसतं. पायथन आणि जावास्क्रिप्ट मुकाट्याने चालवून घेतात, हा त्यांचा मोठा ताप.

धागाकर्ता
नॉट इन चाललं, आभार! लगे हाथ आणखी एक: 'इफ यादी[०] == 'अ' अँड लेन(यादी) > ०:' ही अट (यादी[०] म्हणजे यादीतला पहिला घटक, लेन म्हणजे लांबी) यादी रिकामी असली की इंडेक्सएरर देते, म्हणजे तो घटकच नाही अशी एरर. लांबी तपासतोय की!

प्रतिसाद २
तपासताय, पण उशिरा. 'अँड' डावीकडून सुरू होतो आणि डावं फॉल्स निघालं तर उजवीकडे बघतच नाही. लांबीची अट आधी लिहा, म्हणजे रिकाम्या यादीच्या वेळी यादी[०] पर्यंत गाडी पोचणारच नाही.