पत्रकारितेत एम.ए.: गोवेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

पत्रकारितेत एम.ए. केलेले, करत असलेले, मध्येच सोडलेले गोव्यातले बरेच जण इथे असतील. काय कामी आलं, काय फुकट गेलं ते लिहा. पैशांचंही लिहा, संकोच नको.

फोंडा
आधी डेस्कवर लागलो, एम.ए. नंतर. पानं छपाईला सोडून घरी यायला रात्रीचा एक वाजायचा, सकाळच्या लेक्चरला डोळे मिटायचे. थिअरी परीक्षेपुरती वाचली. मीडिया लॉ मात्र रोज लागतो. वादाची बातमी आली की आता आधी बघतो: आरोप कोणी केला, तक्रारीत तसं आहे का, समोरच्याला विचारलं का.

म्हापसा
इंटर्नशिप बिनपगारी. कुठे ते सांगत नाही. काम म्हणजे प्रेस नोटला मथळे देणं, पेट्रोल आपलंच.

मडगाव
मी प्रबंधाला १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घेतला, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचं मतदान. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळत बसायचे. कागद इतका जून की कोपरा हातात येईल म्हणून पान पट्टीने उलटायचं. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही मराठी! मराठीवाला म्हणजे विलीनीकरणवादी, असंच घरी ऐकत आले होते. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळलं गेलं हा आकडा इथे पुष्कळांना पाठ. त्याआधीचे अग्रलेख कितीजणांनी वाचलेत? गाईड म्हणाल्या, अग्रलेखांवर थांबू नकोस, वाचकांची पत्रं बघ. खरा मसाला तिथेच सापडला.

वाळपई
पुण्यात शिकलो. शिकवलं उत्तम, पण उदाहरणं सगळी जिल्हा परिषद आणि साखर कारखान्यांची. गोव्यात मतदारसंघ चाळीस, आणि आमदार बाजारात भेटतो. त्याच्याविरुद्ध बातमी लागली की संध्याकाळी फोन मला नाही, माझ्या काकांना! यावर कुठल्या सेमिस्टरला पेपर असतो?

वास्को
@मडगाव, ताई, मलाही जुन्या वर्तमानपत्रांवरच करायचंय, पण मुक्तीच्या आधीच्या. काय तयारी करू?

मडगाव
मग आधी पोर्तुगीज शीक. 'ओ हेराल्दो'च घे, १९००पासूनचा दैनिक, इंग्रजीत आला तो १९८३ला. दुसऱ्याकडून वाचून घेऊन प्रबंध होत नाही. आणि विषय नक्की करण्याआधी तुला हव्या त्या वर्षांचे अंक ग्रंथालयात आहेत का, ते स्वतः जाऊन बघ.