सेलरचा ऑफिसर होतो का?

रामबागची_आई
मुलगा नौदलात सेलर (ऑफिसरच्या खालचा नाविक), २०२१ ला भरती, म्हणजे अग्निवीर नाही. चिल्काला ट्रेनिंग झालं, आता विशाखापट्टणमला जहाजावर. इग्नूतून बीए करतोय, 'सीडीएस (सैन्यात ऑफिसर व्हायची यूपीएससीची परीक्षा) देऊन नेव्हीतच ऑफिसर होईन' म्हणतो. इथला एक क्लासवाला पूर्ण फी आधीच मागतोय. दीर म्हणतात, खालून वर कोणी जात नाही. खरं काय?

निवृत्त_चीफ, लोकमान्यनगर
ताई, दीरांना म्हणावं, जातात. फी मात्र अजिबात भरू नका.

सीडीएसमधून केरळातल्या एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत जायला इंजिनिअरिंगची डिग्री लागते. बीएवर डेहराडूनचं, म्हणजे लष्कराचं दार उघडतं. हे त्या क्लासवाल्याने सांगितलं का?

त्याची खरी वाट सीडब्ल्यू, म्हणजे 'कमिशन वर्दी' (worthy, ऑफिसर व्हायला लायक) स्कीम. जहाजाच्या सीओची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची शिफारस, मग एसएसबी (ऑफिसर निवडीची मुलाखत), मग एझिमला. म्हणून आधी आपल्या डिव्हिजनल ऑफिसरशी, म्हणजे त्याच्या तुकडीच्या साहेबांशी बोलावं. कामात ढिला असेल तर कागद जहाजावरच अडतो.

आमच्या मेसमध्ये एक पोरगा होता. इंजिन रूमचा वॉच संपला की तेलकट हातांनीच इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. आम्ही काय चिडवायचो त्याला! पुढे कोचीच्या जेटीवर मीच त्याला सॅल्यूट ठोकला. मजा वाटली.

दुसरी वाट एसडी, म्हणजे स्पेशल ड्यूटीज लिस्टची, ती मुरलेल्या सेलरसाठी. आपल्याच ब्रँचचं काम, ऑफिसर म्हणून. तिथे वय चालतं, पण वर चढायला वर्षं कमी उरतात. आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला जुन्या मास्टर चीफना (सेलरमधला सर्वात वरचा हुद्दा) ऑनररी कमिशन, म्हणजे मानद ऑफिसरपद देतात, तो निवृत्तीच्या तोंडावरचा मान. लोक तिन्हीची खिचडी करतात.

अनुजा_इंदूर
काकांना दुजोरा. मी भोपाळला एसएसबी दिलीय, सिव्हिलमधून. पाच दिवस असतात, पण बरेच जण पहिल्याच दिवशी सामान उचलतात. धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सगळे एकदम बोलतात. माझ्या गटात तर आमच्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीसारखा गलका होता. इंग्रजी साधं चालतं, अडखळायला नको. याची तयारी जहाजावरच्या मित्रांसोबत फुकट होते.

रामबागची_आई
आभार. पण त्याचे डिव्हिजनल ऑफिसर पुढच्या महिन्यात बदलून जाताहेत. नव्यांची वाट पाहू दे का?

निवृत्त_चीफ, लोकमान्यनगर
नको. जुन्यांनी त्याचं काम पाहिलंय, याच आठवड्यात बोलावं. नवे आले की त्यांनाही सांगावं. बीए चालू ठेवू दे.