मदत हवी आहे : घायपाताच्या कंपोझिटची पट्टी जबड्यापाशीच तुटते

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जत भागातल्या बांधांवरच्या घायपाताचा वाख (पानांतला धागा) आणि इपॉक्सी रेझिन (घट्ट होणारं चिकट द्रव्य), हाताने थर देऊन आमच्या गटाने कंपोझिटच्या पट्ट्या केल्यात. एएसटीएम डी ३०३९ (कंपोझिटच्या ताण-चाचणीचं मानक) प्रमाणे २५० मिमी लांब, २५ मिमी रुंद. ताण दिला की पट्टी मधे तुटतच नाही, दरवेळी यूटीएमच्या (ताण देऊन तपासायच्या मशीनच्या) जबड्याला लागूनच तुटते. असे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत. टोकांना ग्लास फायबरचे टॅब (पकडीसाठीचे छोटे तुकडे) चिकटवावेत, की जबड्यात एमरी पेपर घालून भागेल?

खरी काळजी वेगळीच आहे. तुटलेल्या तोंडाशी वाखाचे धागे कोरडे, सुटे बाहेर आलेत, रेझिनचा कण नाही त्यांच्यावर. म्हणजे धागा तुटायच्या आधीच रेझिनची पकड सुटते. वाख ५ टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवून, धुऊन वाळवला होता. किती तास ठेवावा? जास्त झालं तर धागाच कमजोर होतो. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

आणखी एक. कॉलेजचं यूटीएम ४०० केएनचं (किलोन्यूटन), सळ्या तपासायचं. आमची पट्टी काही केएनलाच तुटते, एवढ्या मोठ्या मशीनवर तो आकडा नीट कळत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे १०-२० केएनचं मशीन विद्यार्थ्यांना कुठे वापरू देतात, कृपया सांगा.